चिनी ‘मॅजिस्ट्रेट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: छिंग राजवटीतल्या चीनची एक कथा इंग्रजीवरून मराठीत आणायची आहे. तिच्यातला ‘डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट’ खुनाचा तपास करतो, आरोपीला गुडघ्यांवर बसवून जबानी घेतो आणि निकालही तोच देतो. त्याला न्यायाधीश म्हणावं, जिल्हाधिकारी की सरळ ‘मँडरिन’? आणि मँडरिन हा शब्द आपल्या ‘मंत्री’वरून आला हे खरं का?

शेवटचं आधी. हो, खरं आहे. संस्कृतातला मंत्री मलायात गेला, तिथे ‘मंतेरी’ झाला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो उचलला आणि त्यांच्या ‘मांदार’ म्हणजे हुकूम देणे या क्रियापदाच्या वळणावर ‘मांदारीं’ केला. चिनी माणूस मात्र आपल्या अधिकाऱ्याला कधीच मँडरिन म्हणत नव्हता, तो म्हणे ‘ग्वान’. मराठी वाचकाला मँडरिन म्हटल्यावर भाषा आठवते, नाहीतर संत्रं. तेव्हा तो बाद.

भाषेला ते नाव पडलं तेही या अधिकाऱ्यांमुळेच. तिला ‘ग्वानह्वा’ म्हणत, म्हणजे अंमलदारांची बोली. नियम असा की कुणालाही स्वतःच्या प्रांतात नेमायचं नाही. त्यामुळे उत्तरेचा माणूस दक्षिणेतल्या ग्वांगदोंगला जायचा आणि समोरच्या फिर्यादीच्या बोलण्यातलं अक्षरही त्याला कळायचं नाही. स्थानिक कारकून सांगेल तो अर्थ खरा! उलट फूज्येन-ग्वांगदोंगच्या अधिकाऱ्यांचे उच्चार दरबारात समजेनात, म्हणून युंगचंग बादशहाने १७२८ मध्ये त्यांनी शुद्ध ग्वानह्वा शिकावी असं फर्मान काढलं.

आता मूळ शब्द. या अधिकाऱ्याचं हुद्द्याचं नाव ‘ज्र-श्येन’. ‘ज्र’ म्हणजे जाणणे, ‘श्येन’ म्हणजे परगण्याएवढा मुलूख. मुलूख जाणणारा, म्हणून सांभाळणारा. असे सुमारे १,३०० श्येन होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चीनची लोकसंख्या ४० कोटींवर होती, म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीनेक लाख माणसं. सारा वसूल करायचा, दिवाणी-फौजदारी दोन्ही चालवायचं, चोर पकडायचे, दुष्काळात धान्य वाटायचं. प्रेत सापडलं की पंचनाम्याला जातीने हजर राहायचं, वास कितीही सुटलेला असो. फटक्यांपर्यंतची शिक्षा त्याच्या हातात. त्यापुढची प्रकरणं वर पाठवायची.

म्हणूनच ‘न्यायाधीश’ अपुरा पडतो. ‘जिल्हाधिकारी’ ऐकलं की लाल दिव्याची गाडी दिसते, शिवाय नऊ दर्जांच्या उतरंडीत हा बिचारा सातवा. चिनी लोक त्याला गमतीने ‘सातव्या दर्जाचा तिळाएवढा अंमलदार’ म्हणत.

माझं मत ‘मामलेदार’ला. मात्र इंग्रजी अमलातला नव्हे. त्या मामलेदाराच्या हातून दिवाणी दावे मुन्सफाकडे गेले होते. पेशवाईतला मामलेदार घ्या: वसुली, बंदोबस्त, न्याय, सगळं एका माणसाच्या गळ्यात. त्याच्या कचेरीतले फडणीस, मुजुमदार असे दरखदार वरून नेमलेले, बहुधा वंशपरंपरागत; त्यांना तो काढू शकत नसे. चिनी मामलेदाराचंही दुखणं जवळपास तेच. तो तीनेक वर्षांत बदलून जायचा, कारकून आणि शिपाई तिथलेच राहायचे. पगार वर्षाला ४५ तैल चांदी (तैल म्हणजे साधारण तीन तोळे). त्यात कायद्याचा जाणकार खासगी सल्लागारही परवडत नसे, आणि त्याच्याशिवाय पान हलत नसे. हे सल्लागार बरेचदा शाओशिंग शहराकडचे. पुढे युंगचंगनेच वेगळा भत्ता सुरू केला. त्याचं नाव ‘यांगल्येन’, म्हणजे सचोटीच्या पोषणासाठी दिलेली चांदी. इतकं प्रामाणिक नाव आपल्याकडच्या एकाही भत्त्याला नाही.

‘कमाविसदार’ हा पेशवाईतला दुसरा वसुली अंमलदारही चालला असता, पण तो इतका पुणेरी आहे की चिनी माणसाच्या डोक्यावर पगडी दिसायला लागते.

‘यामेन’चं काय करायचं? नुसती ‘कचेरी’ म्हटलं तर ती संध्याकाळी कुलूपबंद होते. यामेनमध्ये पुढे न्यायाचा चौक, बाजूला कारकुनांच्या खोल्या आणि तुरुंग, मागे साहेबांचं बिऱ्हाड. मी पहिल्यांदा ‘यामेन, म्हणजे मामलेदाराचा कचेरीवाडा’ असं लिहीन आणि पुढे नुसतं यामेन.

संवादांची मात्र काळजी नको. तिथल्या लोकांच्या तोंडी या अधिकाऱ्यासाठी ‘फूमूग्वान’ असतं: शब्दशः आईबाप-अंमलदार. मराठीत ‘मायबाप’ तयारच आहे, काना-मात्रा न बदलता. ‘दा लाओये’ या संबोधनाला ‘रावसाहेब’ चपखल बसेल. फक्त निःस्पृह अधिकाऱ्याला उद्देशून ‘छिंगथ्येन’ आलं, तर त्याचं ‘न्यायमूर्ती’ करू नका. त्याचा अर्थ निळं आभाळ. पाय धरलेली म्हातारी ‘रावसाहेब, तुम्ही आमचं निळं आभाळ’ म्हणाली, तर मराठी वाचक अडणार नाही.