सिनेमास्कोप, ७० एमएम, आयमॅक्स यांनी सिनेमा बघणं खरंच बदललं का, की नुसता पडदा रुंद झाला? घरच्या ६५ इंची टीव्हीवर असं काय कमी पडतं?

बदललं. पण जे पडद्यापासून लांब बसले त्यांच्यासाठी फारसं नाही. आणि आपल्याकडे तर लांब बसायचेच पैसे जास्त!

मला हे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात कळलं. लॅमिंग्टन रोडला 'शोले' ७० एमएमवर, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएमच्या दुप्पट रुंद फिल्मवर, चालू होता. दादा नुकताच नोकरीला लागलेला, त्याने ऐटीत बाल्कनीची तिकिटं काढली, तीही शेवटच्या रांगेची. सिनेमा आवडला, पण पडदा समोरच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरासारखा वाटला. नंतर मित्राबरोबर पुन्हा गेलो तेव्हा खिशात स्टॉलपुरतेच पैसे होते, जागा मिळाली पुढच्या रांगांमध्ये. गाडीवर दरोडा पडला तेव्हा घोड्यांकडे बघावं तर इंजिन सुटायचं, इंजिनाकडे बघावं तर घोडे. मान वळवावी लागत होती. नाणं पडल्याचा आवाज आला तसा शेजारचा माणूस चक्क वाकून खुर्चीखाली बघायला लागला. सहा ट्रॅकचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या वाटांनी येणारा, आवाज म्हणजे काय ते मला त्याच्याकडे बघून कळलं.

घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाला, "सिनेमा तोच, पडदा तोच. पिटात बसून मान मोडून घेतलीस, दुसरं काय?" तो वाद अजून मिटलेला नाही.

दादाचं चुकतंय ते इथे. रुंद पडद्याची लाट ज्याने आणली त्या अमेरिकन संशोधक फ्रेड वॉलरचं म्हणणंच असं होतं की आपण एखाद्या जागेत आहोत ही जाणीव डोळ्याच्या कोपऱ्यातून येते, नजर जिथे रोखलीय तिथून नाही. महायुद्धात विमानातल्या तोफचींना शिकवायला त्याने पाच प्रोजेक्टरचं यंत्र केलं होतं. त्यातूनच पुढे सिनेरामा हे रुंद पडद्याचं तंत्र आलं. ३० सप्टेंबर १९५२, न्यूयॉर्क: तीन प्रोजेक्टर, १४६ अंशांचा बाकदार पडदा, सेकंदाला २४ ऐवजी २६ चौकटी, आवाजाचे सात ट्रॅक. सुरुवातीलाच प्रेक्षकांना रोलर कोस्टरमध्ये बसवलं. टीव्हीमुळे घरी बसलेला अमेरिकन माणूस त्यासाठी थिएटरात आला. पण तीन चित्रांचे दोन जोड पडद्यावर दिसायचे आणि खर्च अफाट. म्हणून १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला. प्रोजेक्टर एकच, फिल्मवर दाबून बसवलेलं चित्र भिंगाने पुन्हा रुंद करायचं. स्वस्त, म्हणून जगभर गेला. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तने 'कागज के फूल' त्यात केला. पण वॉलरच्या पडद्याचा तो बाक गेला, आणि डोळ्याचा कोपरा भरणं उरलं फक्त पुढे बसणाऱ्यांच्या नशिबी.

यावर दादाचा हुकमी एक्का असतो: 'शोले' ३५ एमएमवर शूट करून, वरून-खालून कापून ७० एमएम केलेला, म्हणजे नकलीच! कापला हे खरं आहे. पण प्रिंट कशी बनवली ते डोळ्याला कळत नाही, नजरेचा किती भाग भरला ते कळतं.

आता दादानेही ६५ इंची टीव्ही घेतलाय आणि तो दहा फुटांवरच्या सोफ्यावर बसून म्हणतो, घरीच थिएटर झालं. हिशोब करा. तो टीव्ही जेमतेम पावणेपाच फूट रुंद, म्हणजे दहा फुटांवरून नजरेचे साधारण २७ अंश भरतात. कुठे २७ आणि कुठे १४६! शिवाय सिनेमास्कोपसारखा रुंद सिनेमा लावला की वरखाली काळे पट्टे येतात आणि जवळपास चौथाई पडदा वायाच जातो. सोफा पाच फुटांवर ओढलात तर ५० अंश मिळतात. तुम्ही ओढा. दादा ओढणार नाही, कारण वहिनींची टीपॉय मध्ये येते.

थिएटरात पडद्याकडच्या एक तृतीयांश भागात, मधली जागा घ्या. रिक्लायनरच्या मागच्या रांगेला दुप्पट पैसे देऊ नका, आराम घरी करा. अगदी पहिल्या दोन-तीन रांगा मात्र नको, तिथून चेहरे तिरके दिसतात. आयमॅक्समध्ये पडदा उंचीलाही मोठा, तिथे मधली रांग पुरते. आणि मानेचं दुखणं किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर यातलं काहीच ऐकू नका, मागे बसा. दादाला यातला एकही त्रास नाही.