नागपूरला मे महिन्यात गच्चीवरच्या टोमॅटोची फुलं गळतात, मिरचीची पानं वळतात. काय करू?

नागपूरची गच्ची म्हणताय, तर आधी टोमॅटोचा नाद महिनाभर सोडा. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्रीही 24-25 च्या खाली येत नसला की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळतं. खताने हे थांबत नाही. उलट युरिया दिलात तर लुसलुशीत पाला फुटून किडीला आवतण.

सध्या जपायची ती मुळं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा. चटका बसला तर आत मुळंही भाजतायत. कुंड्या विटांवर चढवा, एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेच्या रांगेला ओलं बारदान गुंडाळा. मातीवर दोन इंच पालापाचोळा टाका, पण खोडापासून दोन बोटं लांब, नाहीतर खोड कुजेल. शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, 50 टक्के ऊन अडवणारी पुरते. ती शेंड्यांपासून तीन फूट वर बांधा आणि बाजू मोकळ्या सोडा. चहूबाजूंनी झाकली की भट्टीच.

पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पाइपातून कढत पाणी येतं. माती फार वाळली असेल तर पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं आणि कुंडी भिजल्यासारखी नुसती दिसते, म्हणून थोडं घालून दहा मिनिटांनी पुन्हा घाला. दुपारी पानांनी माना टाकल्या तर घाबरू नका. संध्याकाळीही तशीच असतील तर बोट दोन इंच खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर मुळं कुजतायत, पाणी थांबवा.

मिरचीचं पान नीट बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. खाली वळून पालथी वाटी झाली असेल तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, फुलकिडे बारीक रेघांसारखे पळताना दिसतील. एक लिटर पाण्याला 5 मिली नीमतेल, आधी 1-2 मिली पातळ साबणात घोटून. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. कोळ्यावर गंधक सांगतात, पण या उन्हात ते पानं जाळतं. पानं बारीक, पिवळी पडून शेंड्याला गुच्छ झाला असेल तर तो बोकड्या, विषाणूचा. झाड उपटा.

रिकाम्या कुंड्यांत गवार, भेंडी, चवळी, अंबाडी लावा. घोळ ही पालेभाजी तर मरत नाही. दोडका लावलात तर फुलं संध्याकाळी उमलतात हे लक्षात ठेवा. मागे बोटभर दोडका असलेली ती मादी. तिला नराचं फूल तेव्हाच टेकवायचं.

टोमॅटोचं नवं बी मेच्या शेवटी सावलीत टाका. 25-30 दिवसांची रोपं जूनअखेर लावायला येतील.