सुरगाठ सुटते, निरगाठ उकलते

प्रश्न : आजोबांच्या एका पत्रात ‘ही निरगाठ आता तुम्हांसच उकलावी लागेल’ असे वाक्य आहे. कोडे उकलते हे ठाऊक होते, पण गाठही उकलते का? ‘भिंत उकलली’ यातले क्रियापद हेच का? पत्रे छापताना तेथे ‘सोडवावी’ असा बदल केला तर चालेल का?

उत्तर : क्रियापद एकच आहे आणि कोड्याचा अर्थ गाठीवरूनच आलेला आहे. सुरगाठीचे मोकळे टोक ओढले की ती सुटते, तेथे उकलण्यासारखे काही नसते. निरगाठ मात्र ओढावी तितकी आवळत जाते; त्यामुळे तिच्या फटीत सुईचे टोक घालून एक पदर जरासा उचलायचा, तो सैल झाला की दुसरा, आणि मग दोऱ्याचे टोक ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने मागे घ्यायचे, याला उकलणे म्हणतात. ‘सोडणे’ या क्रियापदातून गाठ सुटल्याचे कळते, ती कशी सुटली ते कळत नाही. कात्रीने कापलेली गाठ उकलली असे कोणी म्हणणार नाही. आरोपी आपणहून हजर झाला तरी ‘गुन्ह्याची उकल’ असा मथळा देतात, तो मला म्हणूनच खटकतो.

हे क्रियापद सकर्मक आहे तसेच अकर्मकही आहे. ‘तिने गाठ उकलली’ येथे कर्ता आहे. ‘भिंत उकलली’, ‘उन्हाने फळी उकलली’, ‘थंडीने ओठ उकलले’ येथे सांधलेले किंवा अखंड असलेले आपोआप विलग होते, म्हणजेच भेगाळते. या दुहेरी स्वभावामुळे ‘ती गाठ उकलते’ या वाक्यात ‘ती’ म्हणजे बाई की गाठ, हे संदर्भावाचून ठरत नाही. संदिग्धता नको असेल तर ‘उकलून काढते’ असे लिहावे. शिवणीसाठी ‘उसवणे’ आणि घडीसाठी ‘उलगडणे’ ही नेमकी क्रियापदे आहेतच.

तेव्हा पत्रातील शब्द बदलू नये. पत्रलेखकाने ‘निरगाठ’ म्हटल्यावर पुढे ‘उकलावी’ हेच क्रियापद शोभते, आणि काम चिकाटीचे आहे ही सूचनाही त्यातूनच मिळते. मुद्रिते तपासताना मात्र ‘ल’चा ‘ळ’ झालेला नाही ना, एवढे अवश्य पाहावे; नाहीतर वाचक ती निरगाठ चुलीवर चढवतील.