कवटीचं चित्र काढून त्याचं स्टेन्सिल कसं बनवायचं? माझी कवटी कार्टूनसारखी का दिसते?

तुम्हाला टी-शर्टवर आणि हेल्मेटवर उठवायला कवटीचं स्टेन्सिल (रंग खाली उतरण्यासाठी भोकं कापलेली शीट) हवंय, पण कागदावर ती कार्टूनसारखी दिसते आणि कापायला घेतली की डोळेच निसटून पडतात. मी हौसेने बरीच स्टेन्सिलं कापली आहेत. माझ्या मते दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: आपण आधी हाडाची बाहेरची रेघ काढतो आणि मग आत डोळे-नाक बसवतो. कवटी ओळखू येते ती तिच्यातल्या पोकळ्यांवरून. म्हणून सुरुवात काळ्या भागांपासून करा.

प्रमाण आधी पक्कं करा. जबड्यासकट पूर्ण उंची घेतली तर डोळ्यांच्या खोबणी बरोबर मधोमध येतात. जवळपास सगळेच नवखे त्या फार वर काढतात, त्यामुळे कपाळ उरतच नाही आणि चेहरा कार्टूनकडे झुकतो. भुवईच्या हाडापासून नाकाच्या भोकाच्या तळापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच तिथून हनुवटीपर्यंत. खोबणी गोल नसतात. कोपरे गोलावलेला चौकोन, आणि त्याची बाहेरची बाजू थोडी खाली उतरलेली. ही उतरण दाखवली की कवटीला तो उदास भाव आपोआप येतो. नाकाचं भोक म्हणजे पत्त्यांतला उलटा बदाम, तळाशी मधोमध हाडाचं छोटं टोक असलेला.

दातांवर थोडा वेळ घालवा, कारण सगळं चित्र तिथेच बिघडतं. प्रत्येक दाताला चारही बाजूंनी रेघ मारली की पियानोच्या पट्ट्या दिसायला लागतात. वरच्या आणि खालच्या दातांमधली आडवी फट ठळक काढा. मग त्या फटीतून वर-खाली जाणाऱ्या छोट्या, टोकाला निमुळत्या होणाऱ्या रेघा मारा आणि त्या दाताच्या मुळापर्यंत नेऊ नका. समोरचे वरचे दोन दात सगळ्यात रुंद, खालचे समोरचे अरुंद, आणि जबडा मागे वळतो म्हणून कडेचे दात अरुंद होत जातात.

आता स्टेन्सिल. पांढऱ्या शर्टवर काळा रंग की काळ्यावर पांढरा, हे पेन्सिल उचलण्याआधी ठरवा. दोन्हींची चित्रं वेगळी असतात.

पांढऱ्यावर काळा सोपा. इथे हाड म्हणजे शर्टच. कापायचं फक्त काळं: दोन खोबणी, नाक, कानशिलाचा खोलगट भाग, गालाच्या हाडाखालची सावली, दातांची फट. बाहेरची कड पूर्ण फिरवू नका, नाहीतर अख्खी कवटीच गळून हातात येईल. सावलीच्या बाजूला जाड, तुटक कड द्या आणि उजेडाच्या बाजूला काहीच नको. बघणाऱ्याचा डोळा ती पूर्ण करतो. सावल्या कुठे पडतात हे कळण्यासाठी प्लॅस्टिकची कवटी किंवा चांगला फोटो घ्या, मोबाइलवर कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा आणि डोळे बारीक करून बघा. काळ्या-पांढऱ्याचा हा हिशोब शिकायला मेक्सिकोच्या होसे ग्वादालुपे पोसादाची (1852–1913) छापील कवट्यांची चित्रं जरूर बघा.

काळ्यावर पांढरा करताना हाड कापून काढायचं असतं, म्हणून खोबणी आणि नाक हे सुटे तुकडे होतात. त्यांना शीटचीच न कापलेली बारीक पट्टी सोडून बांधून ठेवावं लागतं. लोक ती पट्टी कुठेही सरळ घालतात आणि चित्र चिरल्यासारखं दिसतं. खरी कवटी अनेक हाडांची असते आणि तिला सांधे असतात, त्यांचाच उपयोग करा. खोबणीच्या बाहेरच्या कडेला कपाळाचं आणि गालाचं हाड जिथे मिळतं तिथे खरोखर सांधा आहे. पट्टी तिथून बाहेर काढा. नाकाखाली वरच्या जबड्याची दोन हाडं मधोमध जुळतात, तिथून नाकाचं भोक त्याच्याखाली असलेल्या दातांमधल्या आडव्या फटीला जोडा आणि ती फट दोन्ही कडांपर्यंत न्या. मग पट्ट्या चित्राचाच भाग वाटतात. ए-फोर आकाराला पट्टी तीन मिलिमीटरपेक्षा बारीक नको, रंग पुसताना तुटते.

कापायला ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लॅस्टिक) पुरते, फार वेळा वापरायचं असेल तर जाड मायलर (पॉलिएस्टरची चिवट शीट). कटरला नवं पातं लावा. आधी दातांसारखं बारीक काम, मोठे भाग शेवटी, कारण मोठी भोकं पडली की शीट लुळी होते. वळणावर हात नाही, शीट फिरवा.

कापडावर फॅब्रिक कलर स्पंजने लावा. स्पंज जवळजवळ कोरडा हवा आणि सरळ वरून टिपायचा. घासलात की रंग कडेखाली शिरतो. शर्टच्या आत पुठ्ठा ठेवा. वाळल्यावर डबीवर लिहिल्याप्रमाणे उलट्या बाजूने इस्त्री करा.

हेल्मेटबद्दल मात्र कळकळीने सांगतो, थेट स्प्रे मारू नका. स्प्रेतल्या द्रावकांनी पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लॅस्टिकचं कवच कमकुवत होऊ शकतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही. कवटी गाडीवरच हवी असेल तर टाकीवर किंवा मडगार्डवर काढा. पत्र्यावर हलका पॉलिश पेपर मारा आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून दोन-तीन पातळ हात द्या.