वजन जास्त असताना गरोदरपणात चालावं का, आणि खावं किती?

सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, डॉक्टर म्हणतात वजन सांभाळा. यात डॉक्टरांचं ऐका. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 30 च्या वर असेल तर नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो वाढ पुरेशी धरतात. पण आता वजन उतरवायचं डाएट मुळीच नको! डॉक्टरांनी हो म्हटलं की जेवणानंतर चाला. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत हळूहळू न्या. चार वाजता शिऱ्याची वाटी पुढे आली तर दोन चमचे घ्या, बाकी फुटाणे नि ताक. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत करा, 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं, अंगावरून पाणी जाणं यातलं काही झालं तर थेट दवाखाना गाठा.