मुलुंडहून पवईला पहिल्यांदा एकटीने जाताना

लायसन्स आलं, आता मावशीकडे पवईला स्वतः गाडी घेऊन जाणार म्हणतेस, फार आनंद झाला. अंतर आठ-दहा किलोमीटरच, तरी हातात तासभर ठेव. पहिली खेप रविवारी सकाळी सातला कर.

नकाशात एलबीएस मार्ग सरळ दिसेल. भांडुपहून गांधीनगर, तिथून उजवीकडे पवई. पण त्या रस्त्यावर बस, रिक्षा, मधेच रस्ता ओलांडणारी माणसं आणि मेट्रो ४ चे खांब. नव्या हाताला सारखं क्लच-ब्रेक करावं लागतं, पाय भरून येतो. त्यापेक्षा पूर्व द्रुतगती मार्ग धर, कांजूरमार्गपाशी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लाग.

तो फाटा मात्र नीट लक्षात ठेव. आदल्या दिवशी कुणाच्या तरी शेजारी बसून एकदा बघून ये. मी सुरुवातीला तिथे चुकले होते आणि घाबरून एकदम ब्रेक दाबला. मागचा ट्रक कसाबसा थांबला. ती धडधड अजून आठवते. वळण चुकलं तर चुकू दे, पुढे जाऊन सावकाश फिरून ये.

लिंक रोडवर आयआयटीचं फाटक उजवीकडे येतं, पुढे तलावही त्याच बाजूला. विसर्जनाच्या दिवशी इकडे गाडी आणूच नकोस. जोराच्या पावसातही नको, खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

मावशीला आधीच फोन करून सोसायटीत पार्किंग विचारून घे. पोचलीस की मलाही कळव.