घर पुसट करा, जंगल नको

प्रश्न ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी: ताईंच्या आई निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात एकट्या राहतात. गच्चीवरच्या झाडांवर येणारी फुलपाखरं, पतंग, कोळी यांचे फोटो त्या बरीच वर्षं आयनॅचरलिस्टवर टाकतात (या संकेतस्थळावर लोक दिसलेल्या जीवांचे फोटो तारीख-जागेसह नोंदवतात आणि एकमेकांच्या फोटोंतली जात ओळखून देतात). आता भाऊ म्हणतो, पूर्ण नाव आणि घराचा पत्ता जगजाहीर झालाय, खातं बंद कर. आई ऐकायला तयार नाहीत.

ताई, भावाची भीती खरी आहे. उपाय मात्र चुकलाय.

आईंची एखादी सुटी नोंद उघडलीत तर घाबरण्यासारखं काही दिसणार नाही. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, खाली तारीख आणि नकाशावर एक ठिपका. आता त्यांच्या नावावर टिचकी मारून सगळ्या नोंदींचा नकाशा उघडा आणि झूम करत जा. गावभर विरळ ठिपके आणि एकाच छपरावर दाट पुंजका. पतंग रात्री दिव्याला येतात. म्हणजे रात्री साडेदहाचे फोटो जिथून पुन्हा पुन्हा निघतात ते घर, हे कळायला गुप्तहेर लागत नाही. पुढे बघा: दर रविवारी सकाळी ठिपके कासच्या रस्त्याला लागतात. मे महिन्यात छपरावरचा पुंजका थांबतो आणि त्याच नावाने पुण्यात नोंदी सुरू होतात. घराला कुलूप कधी असतं तेही कळलं. यातलं काहीही आईंनी ‘सांगितलेलं’ नाही. धोका एका फोटोत नसतो, वर्षानुवर्षं साठलेल्या नेमात असतो.

२०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी, नावं काढून टाकलेल्या. तरीही ठिकाण आणि वेळ यांच्या फक्त चार जोड्या हाती असल्या की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येत होती. धावण्या-सायकलींची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपचंही तेच झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने सगळ्यांच्या धावण्या-सायकलींचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला, त्यात एकाचंही नाव नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड प्रदेशातल्या लष्करी तळांभोवती जवानांचे पळायचे मार्ग लख्ख उमटलेत. आईंच्या बाबतीत तर नावही सोबत आहे.

मग बंदच का करू नये? कारण खातं काढून टाकलं की त्यांच्या नोंदी जातातच, शिवाय इतरांच्या फोटोंना त्यांनी दिलेल्या ओळखीही जातात. एवढी वर्षं फोटो ओळखणाऱ्या बाईंनी कितीतरी नवशिक्यांच्या नोंदी पक्क्या केल्या असतील, त्यातल्या काही पुन्हा अधांतरी लटकतील. आणि जे गेलं ते गेलंच असंही नाही. ओळख पक्की झालेल्या आणि खुल्या परवान्याच्या नोंदी जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जातात. तिथून संशोधकांनी उतरवून घेतलेल्या प्रती परत मागवता येत नाहीत. कायद्याकडूनही फार आशा ठेवू नका. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुम्ही स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही.

या नोंदींचा उपयोग काय, असं भाऊ विचारेल. त्याला २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल दाखवा. ९४२ जातींच्या पक्ष्यांचा आढावा, आणि त्याला आधार ३०,०००हून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींचा. एवढी माणसं पगारावर कोण ठेवणार? एकाच गच्चीवर सलग काही वर्षं केलेल्या नोंदी तर विशेष मोलाच्या, कारण कुठला पतंग कोणत्या महिन्यात येतो ते अशा चिकाटीतूनच कळतं.

आता उपाय. आयनॅचरलिस्टवर प्रत्येक नोंदीला तीन पर्याय असतात: ओपन, ऑब्स्क्युअर्ड आणि प्रायव्हेट. मधला, म्हणजे ‘पुसट’, निवडला की खरी जागा लपते आणि ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी वाट्टेल तिथे ठिपका पडतो. साताऱ्याच्या अक्षांशावर हा चौकोन साधारण २२ बाय २१ किलोमीटरचा. तो तुमच्या घराभोवती आखलेला नसतो, अख्ख्या पृथ्वीवरच्या ठरलेल्या जाळीतला असतो. त्यामुळे शंभर ठिपक्यांची सरासरी काढणाऱ्या हुशाराच्या हातीही चौकोनाचा मध्य लागतो, तुमचं दार नाही. तारखेचाही इतरांना फक्त महिना आणि वर्ष दिसतं.

गंमत अशी की बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. कासला दिसलेलं साधं फुलपाखरू ‘कशाला उगाच’ म्हणून पुसट करतात आणि गच्ची उघडी ठेवतात. घराच्या नोंदी पुसट हव्यात. बाहेरच्या, सार्वजनिक जागेतल्या साध्या जातींच्या नोंदी नेमक्या हव्यात, नाहीतर अभ्यासकाला त्यांचा उपयोग उरत नाही. दुर्मिळ जातींचं वेगळं. धोक्यातल्या अनेक जातींची जागा संकेतस्थळ स्वतःच लपवतं आणि ते योग्यच आहे, कारण घुबडाच्या घरट्याचा पत्ता फुटला की कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते. अशी नोंद टाकताना ‘अमुक मंदिरामागच्या वडावर’ असं वर्णनात लिहिलं की सगळं मुसळ केरात. हा प्रकार मी जाणत्यांकडूनही होताना पाहतो.

पूर्ण नाव काढायला सांगा. वापरनाव आणि दिसणारं नाव दोन्ही बदलता येतात, जुन्या प्रतींवर जुनंच राहील, पण नवीन कोणी शोधायला आलं तर सहजासहजी सापडणार नाहीत. पुण्यातले फोटो साताऱ्यात परतल्यावर टाकायचे. फ्रेममध्ये नातवंडं, घराची पाटी, गाडीचा नंबर येत असेल तर कातरायचे. ई-बर्डही वापरत असतील तर ठिकाणाचं नाव म्हणून बंगल्याचं नाव दिलंय का ते आधी तपासा, हे फार जण करतात.

जुन्या नोंदींसाठी आईंच्या शेजारी संगणक घेऊन बसा, फोनवर नको. संकेतस्थळावर ‘बॅच एडिट’ आहे. घरच्या नोंदी निवडून एकदम ऑब्स्क्युअर्ड करता येतात. संख्या मोठी असेल तर वर्षावर्षाने घ्या, आणि सुरुवात रात्रीच्या पतंगांपासून करा.